श्टुटगार्टमध्ये दोघांचं बस्तान: आधी काय, मग काय, आणि कुणाच्या नावावर

चाकण किंवा हिंजवडीहून बदली होऊन श्टुटगार्टला येणारी मराठी जोडपी आता नवलाची राहिलेली नाहीत. मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्याशी 2015 मध्ये भागीदारीचा करार केला, आणि मोटारींच्या धंद्यामुळे पुण्याचा या गावाशी घरोबा जुनाच आहे. इथल्या श्टाटबानमध्ये, म्हणजे शहरातल्या ट्राममध्ये, मागच्या बाकावरून ‘अगं, पुढच्याला उतरायचंय’ असं ऐकू आलं तर कुणी दचकून मागे बघत नाही.

नव्याने येणाऱ्यांसाठी कामांच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्यांची गोम अशी की त्या एकट्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. जोडप्याची अडचण वेगळी असते. नोकरी एकाची, कंपनीची मदत एकाला, म्हणून भाडेकरार, वीज, इंटरनेट, बँक सगळं त्या एकाच्याच नावावर चढतं. वर्षभराने दुसऱ्याच्या लक्षात येतं की या देशात आपल्या नावाचा पासपोर्टापलीकडे एकही कागद नाही. म्हणून इथे प्रत्येक टप्प्यावर दोन प्रश्न विचारलेत: हे काम कशाच्या आधी व्हायला हवं, आणि ते कुणाच्या नावावर हवं. मागून येणारी व्यक्ती बहुतेक घरांत बायको असते, म्हणून ‘ती’ लिहिलंय. तुमच्याकडे उलट असेल तर उलट वाचा. नवऱ्याकडे युरोपियन ब्लू कार्ड, म्हणजे पदवीधर नोकरदारांना मिळणारा राहण्या-कामाचा परवाना, आहे असं धरलंय, आणि रकमा 2026 च्या आहेत.

निघण्याआधी: नावाचा गुंता पुण्यातच सोडवा

आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. जर्मन फॉर्मला दोनच रकाने कळतात, फोरनामे आणि नाखनामे, म्हणजे पहिलं नाव आणि आडनाव. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात तुमच्या नावाला लागून वडिलांचं नाव असेल, तर इथे तुमची दोन पहिली नावं आहेत असं धरलं जातं. काही बिघडत नाही. फक्त सगळीकडे तेच, त्याच क्रमाने लिहायचं. विमा कंपनीत नुसतं नाव, बँकेत वडिलांसकट, पॅनवर नवऱ्यासकट, असं झालं की दर वेळी कुणीतरी विचारणार की ही तीच बाई कशावरून.

लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पदवीचे कागद एकमेकांशी जुळतात का ते बघा. प्रमाणपत्रावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, हे चालतं, पण दोन्हींची साखळी दाखवणारा कागद (गॅझेटची प्रत किंवा जुना पासपोर्ट) सोबत हवा. नाव बदललंच नसेल तर उत्तम. जर्मनीत नवरा-बायकोची आडनावं वेगळी असण्याचं कुणाला काही वाटत नाही.

पदवीची मूळ प्रमाणपत्रं, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका आणि अनुभवाची पत्रं दोघांचीही घ्या. ‘तिचे नंतर कुरिअर करू’ असं ठरलं की ते कागद कपाटातच राहतात. लसीकरणाचा आणि दातांचा जुना तपशीलही घ्या. दातांचं मोठं काम भारतातच उरकलेलं बरं, कारण क्राउन-ब्रिजच्या खर्चाचा मोठा भाग इथे स्वतःच्या खिशातून जातो.

ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी आधी जर्मनची ए-वन, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा देण्याची सक्ती नाही. म्हणून बरेच जण भाषेला हातच लावत नाहीत. त्याबद्दल पुढे.

बॅगेत काय, आणि काय नाही

युरोपियन संघाबाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला मनाई आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, आणि हो, आजीने कढवलेलं तूपही. ताजा कढीपत्ता आणि आंबे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, नारळ चालतो. ती जागा गोडा मसाला, काळा मसाला, आमसुलं, मेतकूट आणि भाजणीला द्या. तूरडाळ, पोहे, रवा, आटा इथल्या भारतीय दुकानांत मिळतं. आपल्या घरच्या चवीचा गोडा मसाला मात्र मिळत नाही. औषधं स्वतःपुरती, तीन महिन्यांच्या आत संपतील इतकी, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह.

कुकर घ्यायचा तर स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा. भाड्याच्या घरात काचेची शेगडी असते. ती इंडक्शनची निघाली तर अॅल्युमिनियमचा कुकर शोभेची वस्तू होतो. मिक्सर आणा, व्होल्टेज इथेही 230 आहे. आपला तीन गोल पिनांचा प्लग तेवढा इथल्या भिंतीत बसत नाही, त्यासाठी अर्थिंग असलेला अडॅप्टर घ्या. काचेच्या शेगडीवर फुलका थेट आचेवर फुगवता येत नाही. तव्यावरच फडक्याने कडेकडेने दाबायचा. आठवडाभरात हात बसतो.

घर: करारावर दोन सह्या

कंपनीने पहिल्या काही आठवड्यांसाठी दिलेली खोली हा फक्त मुक्काम आहे. खरं घर शोधायला वेळ लागतो आणि श्टुटगार्टमध्ये तर फारच लागतो. जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं आणि वार्ममीटे म्हणजे गरमपाणी, हीटिंग, जिन्याची साफसफाई वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहूनही वेगळं. डिपॉझिट, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं, आणि ते तीन समान हप्त्यांत भरण्याचा तुम्हाला हक्क आहे. घर प्रत्यक्ष न पाहता कुणी पैसे मागत असेल, ‘मालक परदेशात आहे, किल्ली कुरिअरने येईल’ वगैरे सांगत असेल, तर ती फसवणूक समजा. नव्या भारतीय जोडप्यांना अशा जाहिराती हमखास गाठतात.

पुष्कळ घरांत स्वयंपाकघर म्हणून चार भिंती आणि पाण्याचा नळ एवढंच असतं. ओटा, कपाटं, शेगडी आधीचा भाडेकरू घेऊन गेलेला असतो. म्हणून ‘आइनबाउक्युखं’ हा शब्द जाहिरातीत शोधा, म्हणजे बसवलेलं स्वयंपाकघर. घर बघायला जाल तेव्हा शेगडीवरचा पंखा धूर बाहेर टाकतो की जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो, हे विचारा. दुसऱ्या प्रकारात मोहरी-हिंगाची फोडणी तीन दिवस पडद्यांत राहते. प्रत्येक झोपायच्या खोलीत आणि पॅसेजमध्ये धुराचा अलार्म असणं सक्तीचं आहे. मिरचीच्या ठेच्याला तो भोंगा वाजवून दाद देतो.

भाडेकरारावर दोघांची नावं घाला. बायको नंतर येणार असेल तर तिला घरात राहायला आणण्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही, कळवावं मात्र लागतं. पण करारात नाव असलं की पत्ता, हक्क आणि पुढच्या घरासाठीचा दाखला तिच्याही पदरात पडतो. किल्ली घेताना भिंतींचे डाग, नळ, मीटरचे आकडे यांची नोंद असलेला कागद मालकासोबत भरा, फोटो काढा. घर सोडताना काउत्सिओनचा वाद याच कागदावर मिटतो. भाडेकरूला घर सोडायला तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते.

आता अगदी साधी वाटणारी, पण पहिल्या दिवशीच करायची गोष्ट: टपालपेटी. जर्मनीतल्या बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबरच नसतो. पत्त्यात फक्त रस्ता आणि घर क्रमांक. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. आडनावं वेगळी असतील तर पेटीवर आणि दारावरच्या बेलवर दोन्ही हवीत. मालकाची छापील पट्टी येईपर्यंत कागदावर ठळक रोमन अक्षरांत दोन्ही नावं लिहून चिकटपट्टीने लावा. याच पेटीत तुमचा कर क्रमांक येणार, बँकेच्या कार्डाचा पिन येणार, आरोग्य विम्याचं कार्ड येणार. अशी पत्रं तिच्या नावाने परत गेली की पुढचा महिना फोन करण्यात जातो.

आनमेल्डुंग: बाकी सगळं यावर अडतं

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत गावाच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. अपॉइंटमेंट आधी बघा. मोठ्या शहरांत तारीख पुढची मिळते, तेव्हा घर मिळताच ती ऑनलाइन घेऊन ठेवा. कागद: दोघांचे पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र, आणि मालकाने सही केलेला वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तुम्ही त्या घरात राहायला आलात असा दाखला. शब्द लांबलचक आहे, पण पर्याय नाही. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही. तात्पुरत्या खोल्या देणारे हा कागद द्यायला कधीकधी नकार देतात, म्हणून पैसे भरण्याआधी विचारा.

विवाह प्रमाणपत्र इथे दाखवणं फार महत्त्वाचं. ते न दाखवता नोंद झाली तर कराच्या दप्तरी तुम्ही विवाहित धरले जात नाही, आणि नंतर दुरुस्तीला हेलपाटे पडतात. फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तो कुतूहलापोटी नाही. नोंदणीकृत चर्चच्या सदस्यांकडून आयकराच्या 8 टक्के (बाडेन-व्युर्टेम्बेर्ग आणि बायर्नमध्ये, इतर राज्यांत 9) चर्च-कर पगारातून कापला जातो. हिंदू, बौद्ध, जैन असाल तर हा कर लागत नाही. मराठी ख्रिस्ती जोडप्यांनी मात्र विचार करून भरावं.

बाहेर पडताना मेल्डेबेशायनिगुंग, म्हणजे नोंदणीचा दाखला, दोघांचा मागून घ्या.

पेटीत येणारी पत्रं

नोंदणीनंतर दोनतीन आठवड्यांत प्रत्येकाला वेगळा अकरा आकडी कर क्रमांक पत्राने येतो. तो जन्मभर तोच राहतो. नोकरी नसली तरी तिचाही येतो, जपून ठेवा.

मग एक पत्र रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं येतं. ‘आमच्याकडे टीव्हीच नाही’ हे उत्तर चालत नाही. वर्गणी घरामागे महिन्याला 18.36 युरो आहे, माणसामागे नाही. त्यामुळे पत्र दोघांनाही आलं तर एकाने भरायचं आणि दुसऱ्याने पहिल्याचा वर्गणी क्रमांक लिहून कळवायचं. बरीच जोडपी घाबरून दोन्ही भरतात.

पत्र आलं की त्यावरची तारीख बघायची सवय लावा. सरकारी निर्णयावर हरकत घ्यायला बहुधा एक महिना मिळतो, आणि मुदत टळली की बाजू बरोबर असूनही उपयोग नसतो. एक जाड फाइल, विषयवार खण: घर, कर, आरोग्य, परवाना, बँक. ती फाइल दोघांनाही उघडता आणि वाचता आली पाहिजे. मोबाइलने फोटो काढून भाषांतर करणं एकाचंच काम ठेवू नका.

बँकेत दोघांची स्वतंत्र खाती आणि घरखर्चाला एक संयुक्त, ही मांडणी सगळ्यात सुटसुटीत. संयुक्त खात्यातून भाडं, वीज, विमा आपोआप जाऊ द्या. चुकीची रक्कम कापली गेली तर आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून ती परत घेता येते. तिच्या नावाने निदान एक मोबाइल करार आणि एक बँक खातं असावंच. शुफा नावाची संस्था आर्थिक पत नोंदवते, आणि पुढे घर किंवा कर्ज घेताना जिची काहीच नोंद नाही तिची अडचण होते.

आणखी एक विमा पहिल्याच महिन्यात घ्या: हाफ्टफ्लिष्ट. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा. वर्षाला किरकोळ पैसे लागतात, जोडप्यासाठी एकच पुरतो. इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली हरवली आणि सगळी कुलुपं बदलायची वेळ आली की तो का घ्यायचा ते कळतं. भाडेतत्त्वावरच्या किल्ल्या त्यात धरल्या आहेत ना, तेवढं वाचून घ्या.

आरोग्य विमा: सरकारी की खासगी?

पगार ठरावीक मर्यादेच्या वर असेल तर खासगी विम्याचे दलाल फोन करतात आणि तरुण माणसाला हप्ता खूप कमी सांगतात. एकट्यासाठी तो हिशेब बसूही शकतो. जोडप्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: सरकारी पद्धतीतच राहा. तिथे हप्ता पगाराच्या टक्केवारीने ठरतो (मूळ दर 14.6 टक्के आणि वर त्या-त्या विमा संस्थेचा अधिभार, निम्मा भार कंपनीवर), आणि न कमावणारी बायको आणि मुलं त्याच हप्त्यात फुकट येतात. खासगीत प्रत्येक डोक्याला वेगळा हप्ता. शिवाय एकदा खासगीत गेलं की परतीची वाट अरुंद आहे.

कार्ड हाती आलं की आजारी पडायची वाट न बघता घराजवळचा हाउसआर्ट्स्ट, म्हणजे फॅमिली डॉक्टर, शोधा; पुष्कळ जण नवे पेशंट घेत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे थेट जाता येतं. रात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल पण जिवावरचं नसेल तर 116117. जिवावरचं असेल तर 112. हे दोन आकडे तिच्याही फोनमध्ये, तिच्याही तोंडात.

कर-वर्ग: जेवणाच्या टेबलावर बसून ठरवायचा विषय

पगारातून दर महिन्याला किती कर कापायचा हे कर-वर्गावर ठरतं. विवाहित जोडप्याला आपोआप दोघांनाही चौथा कर-वर्ग मिळतो. एकाचाच पगार असेल तर तिसरा-पाचवा अशी जोडी घेता येते: कमावत्याला तिसरा, म्हणजे दर महिन्याला हातात जास्त. ऑफिसातले सहकारी पहिल्या आठवड्यात हेच सुचवतील. बायको खरंच कमावत नसेल तोवर ठीक.

पण तिला नोकरी लागली की पाचव्या वर्गात तिच्या पगारातून भरमसाट कर कापला जातो. वर्षाअखेरच्या विवरणपत्रात घराचा एकूण कर तोच निघतो, त्यामुळे ‘एकाच घरात जातंय’ असं म्हणतात. ते अर्धंच खरं. बेकारी भत्ता आणि बाळ झाल्यावर मिळणारं एल्टर्नगेल्ड (महिन्याला जास्तीत जास्त 1800 युरो) हातात येणाऱ्या पगारावर ठरतं. पाचव्या वर्गात तो पगार लहान दिसतो, म्हणून भत्ताही लहान. बाळाचा विचार असेल आणि ती नोकरी करत असेल तर कर-वर्ग वेळेत बदला: बाळंतपणाच्या रजेआधीच्या बारा महिन्यांत जो वर्ग जास्त महिने असेल तोच धरला जातो, म्हणजे किमान सात महिने हाताशी हवेत. बदलाचा अर्ज एल्स्टर या सरकारी पोर्टलवर करता येतो. तिसरा-पाचवा घेतला तर विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं, हेही लक्षात असू द्या.

राहण्याचा परवाना

येताना मिळालेला व्हिसा काही महिन्यांचा असतो. तो संपण्याच्या आत परदेशी नागरिकांच्या कार्यालयात कार्डासाठी अर्ज करायचा, दोघांनी, वेगवेगळा. अपॉइंटमेंटला महिने लागू शकतात, पण अर्ज मुदतीत पोचलेला असला की तुमचा हक्क शाबूत राहतो. पोच जपून ठेवा. मधल्या काळात फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा कागद मिळतो. त्यावर परदेशी नागरिकांच्या वास्तव्याच्या कायद्यातल्या 81 व्या कलमाचा कुठला परिच्छेद खुणावलेला आहे ते बघितल्याशिवाय भारताचं तिकीट काढू नका. चौथा परिच्छेद असेल तर परत येता येतं. तिसऱ्यावर प्रवास करून परत येता येत नाही.

तिच्या कार्डावर किंवा सोबतच्या कागदावर ‘एर्वेर्ब्सटेटिष्काइट एर्लाउब्ट’ असं छापलेलं असतं: कुठलंही काम करायला परवानगी. नोकरीसाठी अर्ज करताना तिला वेगळा वर्क परमिट लागेल असं कंपनीला वाटलं, तर ही ओळ दाखवायची.

इमारतीत राहण्याचे रिवाज

श्टुटगार्ट म्हणजे श्वाबेन प्रांत, आणि श्वाबेन म्हणजे केअरवोखं. आठवड्याच्या शेवटी कधीतरी तुमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकलेली दिसेल. या आठवड्याची झाडलोट तुमची. लहान पाळीत आपल्या मजल्यापुढचा जिना झाडून ओल्या फडक्याने पुसायचा. मोठ्या पाळीत तळघर, पुढचा रस्ता, हिवाळ्यात बर्फ. झालं की पाटी शेजारच्या दाराला. स्वच्छ दिसत होतं म्हणून केलं नाही, हे कारण शेजारच्या आजींना पटत नाही. करताना दिसणं हाही त्या कामाचा भाग आहे. शनिवारी सकाळी दोघांनी मिळून केलं तर पंधरा मिनिटांत उरकतं, आणि जिन्यातच सगळ्यांची ओळख होते. नव्या गावात ओळखीचा इतका स्वस्त मार्ग दुसरा नाही.

रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, आणि रविवार पूर्ण दिवस. ड्रिल, व्हॅक्यूम आणि आपला मिक्सर यांतून रविवार वगळा. डोशाचं पीठ शनिवारी संध्याकाळी वाटा. रविवारी दुकानंही बंद असतात. मुख्य स्टेशनवरची काही आणि सकाळच्या बेकऱ्या तेवढ्या उघड्या.

हवा घेणं हा इथे करारात लिहिलेला विषय आहे. भिंती आणि खिडक्या इतक्या घट्ट असतात की कुकरची वाफ, आंघोळीची वाफ आणि घरात वाळत घातलेले कपडे यांचं पाणी कोपऱ्यात बुरशी होऊन उगवतं, आणि तिचा खर्च मालक तुमच्यावर टाकू बघतो. खिडकी दिवसभर तिरकी ठेवण्याऐवजी दिवसातून तीनचारदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा, त्या वेळात हीटर बंद. हीटरच्या चाकावरचा 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त बिल तापतं.

कचरा: कागद, ओला, वेष्टनांचा पिवळा, आणि उरलेला. काच रस्त्यावरच्या पिंपांत रंगानुसार, पांढरी, तपकिरी, हिरवी. निळी बाटली हिरव्यात. रविवारी काच टाकायची नाही, खळखळाट होतो. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या एकदा वापरायच्या बाटल्या टाकूच नका. प्रत्येकीवर 25 सेंट अनामत असते, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये सरकवली की पावती मिळते. पिण्यासाठी नळाचंच पाणी घ्या. श्टुटगार्टला ते बोडेनझे सरोवरातूनही येतं आणि उत्तम असतं.

स्वयंपाकघर लावताना

तुर्की दुकान हा आपला खरा सोबती. कोथिंबिरीची मोठी जुडी, भेंडी, तिखट हिरव्या मिरच्या, मेथी कधीमधी, काबुली चणे, सगळं भारतीय दुकानापेक्षा स्वस्त आणि ताजं. सुपरमार्केटमध्ये पिठाच्या पाकिटावरचे आकडे वाचा: 405 म्हणजे मैदा, पोळ्यांसाठी भारतीय दुकानातला आटाच बरा. बारीक रव्याला ‘वाइषवाइत्सनग्रीस’ म्हणतात.

श्रीखंडासाठी रात्रभर चक्का टांगायची गरज नाही. क्वार्क घ्या, पण ‘मागर’ लिहिलेला बिनमलईचा नको, 40 टक्के फॅटचा. तो थोडा ओलसर असतो, म्हणून तासदोन तास फडक्यात बांधून ठेवा. मग पिठीसाखर, केशर, वेलदोडा. पुरणयंत्रातून गाळायची गरज पडत नाही, इतका तो मऊ असतो. गुढीपाडव्याला जर्मन शेजाऱ्यांना वाटीभर नेऊन द्या. क्वार्क त्यांच्या रोजच्या खाण्यातला, त्यामुळे नव्या चवीची धास्ती वाटत नाही.

तिचे पहिले सहा महिने

नवऱ्याचा दिवस ऑफिसने भरतो. तिचा भरत नाही. त्यात आगमन ऑक्टोबरातलं असेल तर डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि भारताशी साडेतीन तासांचा फरक घड्याळ बदलल्यावर साडेचार तासांचा होतो. आईशी बोलायची वेळ दुपारीच संपते. यावर उपाय एकच, बाहेर पडायला कारण हवं. फोल्क्सहोखशूले, म्हणजे गावाची लोकशाळा, इथे जर्मनचे वर्ग वाजवी फीत चालतात. ऑनलाइन वर्गापेक्षा प्रत्यक्ष वर्ग निवडा, कारण निम्मा फायदा शेजारी बसणाऱ्या ब्राझीलच्या किंवा युक्रेनच्या बाईचा असतो. महिन्याचं डॉइचलांडटिकेट (63 युरो) तिच्या नावावर घ्या; शहरातल्या आणि प्रादेशिक गाड्या सगळ्या त्यात चालतात, फक्त लांब पल्ल्याच्या जलद गाड्या नाहीत. बंद करायचं तर आधीच्या महिन्याच्या 10 तारखेपर्यंत कळवायचं.

नोकरीचा शोध सॉफ्टवेअरमधला असेल तर इंग्रजीवर काही काळ भागतं. डॉक्टर, नर्स, शिक्षिका यांना पदवीची औपचारिक मान्यता लागते आणि बऱ्यापैकी जर्मनही. ती प्रक्रिया लांब आहे, म्हणून ‘आधी स्थिरावू मग बघू’ म्हणू नका, पहिल्या महिन्यातच अर्जाची चौकशी करा. इतरांनी आनाबिन या सरकारी माहितीकोशात आपलं विद्यापीठ शोधावं. समोर ‘एच प्लस’ दिसलं की ते मान्यताप्राप्त. त्या पानाची प्रिंट अर्जाला जोडा.

भाषेचा हिशेब परवान्याशीही जोडलेला आहे. ब्लू कार्डधारकाला कायम वास्तव्याचा परवाना ए-वन जर्मनवर 27 महिन्यांनी मिळतो, बी-वनवर, म्हणजे मधल्या पातळीवर, 21. तिचं घड्याळ वेगळं चालतं: त्याला असा परवाना मिळाल्यावर तिला तीन वर्षांच्या वास्तव्यानंतर तो मिळू शकतो, पण तिची स्वतःची आठवड्याला किमान वीस तासांची नोकरी आणि बी-वन भाषा असेल तर. म्हणजे भाषेची जास्त गरज तिला असते, आणि फी भरून कंपनी शिकवते त्याला. घरच्या खर्चात तिच्या वर्गाची फी भाड्याच्या खालोखाल धरा.

गाडी चालवत असाल तर दोघांसाठी: भारतीय परवाना इथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा. लेखी इंग्रजीत देता येते.

भारतातलं मागे राहिलेलं

भारतीय सिम चालू ठेवा, दोघांचंही. आधार, बँक, म्युच्युअल फंड सगळीकडे ओटीपी त्यावरच येतो. रोमिंगवर एसएमएस यायला पैसे पडत नाहीत, पण सिम जिवंत ठेवायला छोटं रिचार्ज लागतं. परदेशी वास्तव्य ठरल्यावर साधं बचत खातं एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या खात्यात, बदलून घ्यायचं असतं. बँकेला कळवा, दोघांच्या खात्यांसाठी. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत ठेवता येतो, नवा काढता येत नाही.

आई-बाबा येणार असतील

उन्हाळ्यात येऊ द्या, मे ते सप्टेंबर. पाहुण्यांचा शेंगेन व्हिसा 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहू देतो. त्या 180 दिवसांत शेंगेन देशांत आधी राहून गेलेले दिवसही त्यात मोजले जातात. यजमान खर्च उचलणार असेल तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून फेरफ्लिष्टुंग्सएर्क्लेरुंग हा हमीपत्राचा कागद घ्यावा लागतो, दर हमीपत्राला 29 युरो. मूळ प्रत भारतात पाठवायची असते, म्हणून टपालाचा वेळ धरा. त्याची अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. तिकिटं स्वस्त दिसली म्हणून आधी काढू नका. दोघांच्या पगारांवर मिळून हमी देणं सोपं जातं, खास करून दोन्हीकडचे आई-बाबा एकत्र येणार असतील तर.

प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा असावा लागतो. वयस्करांसाठी जुन्या दुखण्यांचं कलम नीट वाचा: रक्तदाब-मधुमेह असलेल्यांना स्वस्त पॉलिसीत फक्त जीव वाचवण्यापुरतं संरक्षण असतं. औषधं मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. आणि तूप बाटलीत भरून आणू नका, असं त्यांना फोनवर आधीच, दोनतीनदा सांगा.